अब्बांची पद्मिनी आणि सोड्याचे पाणी

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या आमच्या घरात शिरले, तेव्हा माळ्यावर चढताना प्रत्येकाने हाताला लागेल ते उचलले. अम्मींनी कागदपत्रांची पिशवी घेतली, पोरांनी मांजर घेतले, आम्ही शाळेचा लॅपटॉप घेतला. अब्बांनी काहीच घेतले नाही. ते माळ्याच्या झरोक्यापाशी उभे राहून अंगणातल्या शेडकडे बघत होते. तिथे त्यांची प्रीमियर पद्मिनी उभी होती. आधी चाके बुडाली, मग दारे, मग बॉनेट. संध्याकाळी फक्त फिकट निळे छप्पर दिसत होते आणि त्यावर कुणाच्या तरी घरातली चटई येऊन अडकली होती.

पाणी उतरल्यावर चिपळूणने काय उपसले ते वाचकांना माहीत आहे. घरातला गाळ काढण्यात आमचे कितीतरी दिवस गेले. गाडीचे दार उघडले तर सीटवर बोटभर जाड, चिकट थर. पुढे एका सकाळी भंगारवाला आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि आकडा बोलला. अब्बा म्हणाले, "देऊन टाका." एवढेच. आणि त्या दिवसापासून पडवीतली त्यांची खुर्ची त्यांनी मागच्या दाराशी नेली, जिथून अंगण दिसत नाही.

भंगारवाल्याला आम्ही "नंतर या" म्हणून परत पाठवले. अब्बांना सांगितले नाही.

ही गाडी अब्बांनी १९८६ साली घेतली, कुवेतहून कायमचे परत आल्यावर. तेव्हा गाडी म्हणजे पद्मिनी नाही तर ॲम्बॅसॅडर. मारुती नुकतीच आली होती. मूळची इटलीची फियाट ११००, मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार व्हायची. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव पडले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे एक सलग लांब सीट. (तिच्या आधीच्या गोल पाठीच्या फियाटला मुंबईकरांनी जे टोपणनाव ठेवले होते, ते आमच्या घरात अम्मी उच्चारू देत नसत. चाचा मुद्दाम उच्चारत.) आमच्या मोहल्ल्यात तेव्हा दुसरी गाडी नव्हती. रात्री-अपरात्री दार वाजले की अब्बा विचारायच्या आधीच चावी घ्यायचे. कामथे रुग्णालयाच्या रस्त्यावर या गाडीतून किती बाळंतिणी गेल्या, याचा हिशेब अम्मींकडे आहे. त्यातल्या एकीचे बाळ हॉस्पिटलपर्यंत थांबले नाही. ते बाळ आता दुबईला नोकरी करते.

म्हणून गाडी वाचवायची, हे आम्ही आणि धाकट्या भावाने ठरवले. पैसे मात्र नव्हते. घराच्या भिंती, फ्रीज, पोरांची पुस्तके, सगळेच नव्याने घ्यायचे होते. गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा होता, म्हणजे आपल्या नुकसानीचा एक पैसा नाही. गॅरेजवाल्या उस्तादांनी स्पष्ट सांगितले, "इंजिन मी उघडतो. पत्रा डेंटर बघेल, रंग पेंटर मारेल. पण छोटे पार्ट घासायला माझ्याकडे माणूस नाही, आणि ठेवला तर त्याची मजुरी तुम्हाला परवडणार नाही. ते घरी करा."

आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. पुरात बुडालेल्या गाडीची चावी फिरवून बघायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही. इंजिन फिरले की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरी सोडवायची, गोड्या पाण्याने धुवायचे, सगळी तेले काढून टाकायची. आमच्या गल्लीत दोघांनी पाणी उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी "बघू या चालू होते का" म्हणून चावी फिरवली होती. त्या गाड्या नंतर भंगारातच गेल्या.

डिसेंबरात पडवीत जुनी सतरंजी अंथरली आणि गाडी हळूहळू तिच्यावर उतरू लागली. बॉनेटची बिजागरी, बॅटरीचा ट्रे, हेडलाइटच्या वाट्या आणि रिंगा, बंपरचे ब्रॅकेट, जॅक, दाराच्या मुठी, एअर फिल्टरचा डबा, ॲश-ट्रे. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो, काढल्यावर त्याचे नटबोल्ट आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात आणि डब्यावर चिठ्ठी. मोठी लेक मराठीत लिहायची, धाकटा उर्दूत. पहिल्या आठवड्यात चिठ्ठ्या साध्या कागदाच्या होत्या, त्या तेलाने पुसल्या गेल्या आणि अठरा डबे अनाथ झाले. नंतर पेन्सिलने लिहून वरून चिकटपट्टी लावली.

आता गंज. कोकणात गंज म्हणजे घरचाच पाहुणा, त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. पण एक गोष्ट आम्हालाही काम करताना उमगली. गंज हा लोखंडावर बसलेला मळ नसतो, ते लोखंडच असते, हवा आणि पाण्याने बदललेले. आणि तो सच्छिद्र असतो. त्याच्यावर रंग दिला तर वरून छान दिसते. आत अडकलेले पाणी काम करतच राहते, आणि एका पावसाळ्यात रंगाचा फोड उठतो. मुळापर्यंत गेल्याशिवाय इलाज नाही. वायर ब्रशने घासून सपाट भाग साफ होतो, पण बिजागरीच्या सांध्यात ब्रश पोचत नाही.

त्यासाठी आम्ही वापरला धुण्याचा सोडा आणि वीज. नववी-दहावीच्या विज्ञानात विद्युत अपघटन शिकवतात, तेच हे. प्लास्टिकचा मोठा टब घ्यायचा, दर चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवायचा. गंजलेला भाग तारेने मधोमध लटकवायचा, कडेला लोखंडाचा एखादा टाकाऊ तुकडा. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण वायर, म्हणजे काळी, आपल्या भागाला. धन वायर, लाल, टाकाऊ लोखंडाला. दोन्ही लोखंडे एकमेकांना टेकता कामा नयेत. चालू केले की भागावरून बारीक बुडबुडे निघू लागतात. रात्रभर ठेवले की गंज काळ्या भुकटीसारखा सैल होतो आणि जुन्या ब्रशने पाण्याखाली निघून जातो. चांगले लोखंड जसेच्या तसे राहते, हा याचा मोठा गुण.

जोडणी उलटी झाली तर आपला भागच झिजतो, म्हणून वायरी लावताना दोघांनी बघावे. निघणारा वायू हायड्रोजन असतो, तेव्हा टब उघड्यावर, विस्तव आणि विडी दूर. पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद. सोड्याऐवजी मीठ घालायचे नाही, त्यातून क्लोरीन निघतो. आणि टाकाऊ तुकडा म्हणून स्टीलचे ताट-चमचे मुळीच वापरायचे नाहीत. स्टेनलेस स्टीलमधले क्रोमियम पाण्यात उतरून विषारी रूप घेते, आणि ते पाणी मग कुठे ओतणार? विहीर जवळच असते.

घोडे अडले ते चार्जरवर. भावाने नवा चार्जर आणला, तो चालूच होईना. हे नवे चार्जर हुशार असतात, समोर बॅटरी दिसली नाही तर वीज सोडत नाहीत. जुना, वजनदार, ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर हवा होता. तसा एक आमच्या घरात होता, अब्बांचा, आणि तो कुठे ठेवला आहे हे फक्त अब्बांना माहीत होते. कुणी विचारायचे यावर एक दिवस गेला. शेवटी धाकट्याने विचारले, "दादा, तुमचा चार्जर द्या ना, शाळेचा प्रयोग आहे." खोटे नव्हते आणि पूर्ण खरेही नव्हते. अब्बांनी माळ्यावरचा पत्र्याचा डबा दाखवला. पुराच्या पाण्यापासून वाचलेल्या मोजक्या वस्तूंत तो होता.

असरनंतर ते अंगणात आले. टबापाशी उभे राहिले, बुडबुडे बघत. आत बॉनेटची डावी बिजागरी होती. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही नव्वद साली खेडच्या घाटात वाकली होती. नीट बघा, मध्ये वेल्डिंग असेल." सकाळी काढून घासली तर होते.

त्यानंतर खुर्ची परत पडवीत आली. मात्र काम सोपे झाले असे समजू नका. अब्बांना प्रत्येक भागाची माहिती होती आणि प्रत्येकाबद्दल मतही होते.

चूक केली ती दाराच्या मुठींची. बाहेरच्या चार मुठींवर क्रोम होते, कडांना फोड आलेले. बारीकसारीक लोखंडी भागांसाठी आम्ही लिंबूसत्त्वाचे पाणी करून ठेवले होते, लिटरला साधारण पन्नास ग्रॅम. ती पद्धतही चांगली आहे, एका रात्रीत गंज सुटतो. फक्त नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळून, धुऊन, लगेच कोरडे करून तेलाचा हात लावावा लागतो, नाही तर तासाभरात नवा तांबूस थर येतो. तर त्या पाण्यात आम्ही मुठीही टाकल्या. सकाळी बघतो तर क्रोम पापुद्र्यासारखे सुटलेले आणि खाली करडा, खडबडीत धातू. उस्तादांकडे नेल्या. ते म्हणाले, "हे तर मझाक आहे!" अब्बांना राग आला. "माझ्या गाडीचे नुकसान झाले आणि तुला मजाक सुचते?" उस्तादांना हसू आवरेना. कारखान्यांत जस्ताच्या ओतीव मिश्रधातूला मझाक म्हणतात. लोखंड नाहीच ते. जस्त आम्लात विरघळते, हे विज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याने सांगितले असते. आमच्याच लेकीने नंतर सांगितले. तेव्हा कोणताही भाग पाण्यात टाकण्याआधी चुंबक लावून बघा. चिकटला नाही तर आम्लही नको, सोड्याची वीजही नको. ॲल्युमिनियमलाही तोच नियम. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट चुंबकाला चिकटतात, तरी त्यांना या दोन्ही पाण्यांत घालू नये. हायड्रोजन पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होते. ऐन वेळी तुटते.

चारही मुठी शेवटी मुंबईहून आणाव्या लागल्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि चोरबाजारात दोन रविवार घालवले, तेव्हा कुठे एकसारख्या दोन जोड्या मिळाल्या. टॅक्सी होत्या तोपर्यंत असे भाग सहज मिळत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदलेली. वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली. आता जे आहे ते दुकानांच्या माळ्यांवर.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे, आणि हा लेख खरे तर तिच्यासाठीच लिहावासा वाटला. एका रविवारी भावाने ग्राइंडरला घासायचे चाक लावून बॉनेटच्या आतल्या पट्टीचा रंग उडवायला सुरुवात केली. अर्ध्या तासात पडवीभर निळी धूळ. बहिणीची दीड वर्षाची मुलगी तेव्हा त्याच पडवीत रांगत होती, हात तोंडात घालत होती. कोपऱ्यात सुपात तांदूळ निवडायला ठेवले होते. शिशाचे आमच्या डोक्यात आले तेव्हा अर्धी पट्टी संपली होती.

जुन्या रंगांत शिसे असायचे. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि तोही गाड्यांच्या रंगाला नाही. १९८६ च्या गाडीच्या रंगात काय होते ते कोण सांगणार? असेलच असे धरून चालणे शहाणपणाचे. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलांच्या शरीरात ते जास्त शोषले जाते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. पोटातल्या बाळावरही. त्यावर सुरक्षित पातळी अशी नाहीच.

त्या दिवशी ग्राइंडर बंद झाला तो कायमचा. तांदूळ टाकून दिले. पडवी झाडली नाही, कारण झाडल्याने धूळ पुन्हा उडते. साबणाच्या पाण्याने दोन वेळा पुसली. सतरंजी फेकली. बाळाला डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासले. रिपोर्ट यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत भाऊ जेवायला बसला की बाळाकडे बघायचा आणि ताट सारायचा. बहीण त्याच्याशी बोलत नव्हती. रिपोर्ट ठीक आला, अल्लाहचे उपकार. पण त्यानंतर आम्ही नियम केला: जुना रंग कोरडा घासायचा नाही. पाणी मारत वॉटर पेपरने घासायचा, आधी जाडा, मग बारीक. काम शेडमध्ये, घरापासून लांब. खाली प्लास्टिक, ओला गाळ फडक्याने टिपून पिशवीत बंद. तोंडाला साधा कपडा नव्हे, धुळीचा मास्क. कामाचे कपडे वेगळे, वेगळे धुतलेले. हात-तोंड धुतल्याशिवाय घरात पाऊल नाही. बाळ आणि गरोदर बायका शेडकडे फिरकायच्या नाहीत. असेच ब्रेकच्या ड्रमचे: जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचे, ती भुकटी फुंकर मारून उडवू नये. ब्रेकला आम्ही हातच लावला नाही, ते काम घरचे नव्हेच.

रंग देणे त्यामानाने लवकर झाले. कोकणच्या हवेत उघडे लोखंड दुपारपर्यंतही थांबत नाही, म्हणून भाग सकाळी पुसून कोरडा केला की त्याच दिवशी प्रायमर. सुटे भाग आम्ही ब्रशने आणि स्प्रेच्या डब्याने केले. वीतभर अंतरावरून, पातळ हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटे. एकाच दमात झाकायला गेलात तर ओघळ येतो आणि पुन्हा पेपर मारत बसावे लागते. पहिल्या दिवशी एअर फिल्टरचा डबा पांढुरका, धुरकट झाला. हवेत दमट जास्त असला की थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर दव धरते आणि रंगात अडकते. त्यानंतर जानेवारीतल्या कोरड्या दिवसांची वाट बघितली, दहा ते दोन एवढ्याच वेळात काम.

बाहेरचा पत्रा मात्र घरी नाही. हल्ली गाडीला जो दोन भागांचा, हार्डनर घालून रंग देतात, त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची फवारणी श्वासात गेली तर कायमचा दमा जडू शकतो, आणि आपला साधा मास्क ते अडवत नाही. पेंटरकडे बंद खोली, बाहेरून हवा येणारा मुखवटा होता, म्हणून काम त्याला दिले. भावाला हे पटवायला वेळ लागला. पैसे वाचवायची त्याला घाई होती. बंपरचे क्रोमही घरी चढत नाही. जिथे नुसते तांबडे ठिपके होते तिथे ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून चोळला, ठिपके गेले. तो भाग पोरांनी सर्वांत आवडीने केला.

रंग कोणता, यावर घरात दोन तट पडले. पोरांना लाल हवा होता. अब्बा म्हणाले, "आरसी बुकात निळा आहे." ते बरोबर होते, रंग बदलला तर आरटीओत नोंद बदलावी लागते. गाडीचे पुनर्नोंदणी शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० झाले होते, त्यात आणखी एक फेरी कुणाला हवी होती? पण खरे कारण ते नसावे. डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कारखान्याचा मूळ निळा शिल्लक होता, बाहेरच्यापेक्षा थोडा गडद. तो तुकडा पुसून अब्बांनी स्वतः पेंटरला दाखवला. दुकानात रंग मिसळताना ते शेजारी उभे होते. तीन वेळा "नाही" म्हणाले.

स्टिअरिंगचे चाक आम्ही रंगवले नाही. उजव्या हाताच्या जागी ते चाळीस वर्षांत गुळगुळीत झाले आहे, काळा रंग जाऊन करडे. भाऊ म्हणत होता की सगळे नवे आणि हेच जुने, विचित्र दिसते. दिसते खरे. नुसते ओल्या फडक्याने पुसून परत बसवले.

मार्चमध्ये उस्तादांनी गाडी दारात आणून उभी केली. भाऊ चालवायला बसला, अब्बा शेजारी, मागे अम्मी आणि पोरे. बहादूरशेख नाक्यापर्यंत गेलो आणि परत. अब्बांना आता रात्रीचे नीट दिसत नाही, पण ऐकू सगळे येते. नाक्यावर वळताना त्यांनी हात वर केला, सगळ्यांना गप्प केले आणि म्हणाले, "मागचे डावे दार. रबर नीट बसलेले नाही. पावसाच्या आधी करून घ्या."

रबर अजून मिळालेले नाही. पुढच्या रविवारी परत कुर्ला.